वाकसाच्या खुणा

हिशेब मांडला तर या कामात रंगराव सुतारांच्या पदरात एकवीस दुपारी पडणार होत्या. पैशांचं काय ते आनंद बघणार होता, आणि रंगरावांनी त्याबद्दल विचारलंही नव्हतं. त्यांनी विचारलं ते एवढंच, "रोज येशील?"

"यावंच लागंल ना आबा. क्लायंटचं काम हाय. रोज फोटो काढायचेत."

"आन् जेवायला?"

"डबा इथंच आणीन."

रंगरावांनी मनातल्या मनात रविवार वजा केले. एक अमावस्या वजा केली, कारण अमावस्येला त्यांच्या घरात हत्याराला हात लागत नसे. उरल्या एकवीस. मागच्या सबंध वर्षात मुलगा नऊ वेळा आला होता. पाच वेळा शेडमध्ये प्लायवूड उतरवायला, दोन वेळा ते न्यायला, एकदा आईच्या वर्षश्राद्धाला आणि एकदा उगाच, जवळच्या कंपनीतलं काम लवकर उरकलं म्हणून. त्या उगाचच्या भेटीत चहा करायला घरात दूध नव्हतं, ही रुखरुख रंगरावांना अजून होती.

आनंद राहायचा कोथरूडला. बायको अपेक्षा तिथल्या शाळेत शिकवायची आणि मुलगी स्वराली त्याच शाळेत शिकायची. कोथरूड आणि खराडी यांच्यामध्ये सगळं पुणे पसरलेलं. एवढं पुणे ओलांडून बापाला भेटायला यायचं तर काहीतरी काम निघावं लागतं, हे रंगरावांना मान्य होतं. काम निघत नव्हतं, एवढीच अडचण होती.

खराडी गावठाणात त्यांचं दोन खणांचं घर आणि बाजूला पत्र्याची शेड होती. एकेकाळी या शेडपुढं नांगर, कुळव, पाभरी रांगेनं टेकलेल्या असत. शेवटचं जू त्यांनी सात वर्षांपूर्वी तासलं. त्यानंतर जमिनी विकल्या गेल्या, बैल विकले गेले आणि शेतांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. दोन हजार पाच साली गावातल्या कुणालाच नांगराचा दांडा तासून नको होता. रंगराव तरी सकाळी तासायचा वाकस दगडावर घासून धार बघत आणि पुन्हा खुंटीला लावत.

आनंदला मात्र त्याच काचेच्या इमारतींनी काम दिलं होतं. खुर्च्यांपुढची टेबलं, कप्पे, पार्टिशनं. सगळं प्लायवूड आणि सनमायका, कापायला मशीन, ठोकायला राजस्थानी कारागीर. एका नव्या कंपनीत त्याने पहिला मजला केला. दुसऱ्या मजल्याचं काम कुणाला द्यायचं ते आर्किटेक्ट पूर्णिमाबाईंच्या हातात होतं, आणि पूर्णिमाबाईंना रिसेप्शनला वाकसानं तासलेलं टेबल हवं होतं.

लाकूड गेनबाकडं मिळालं. गेनबा म्हणजे रंगरावांचा शेजारी. रस्त्यासाठी चिंच पाडली तेव्हा तिचं खोड त्याने आपल्या कंपाउंडात आणून टाकलं होतं, ते चार वर्षं तिथंच वाळत पडलेलं. जमीन विकल्यापासून गेनबाला बसण्याखेरीज उद्योग नव्हता, म्हणून खोडाच्या मागोमाग त्याची प्लास्टिकची खुर्चीही शेडमध्ये आली.

"रंगा, तुझ्या वाकसाला पेन्शन मिळणार म्हनं की."

"तू गप बस. लाकूड दिलंस, आता तोंड नको दिऊ."

पूर्णिमाबाई खोड बघायला आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात मोजडी. त्यांनी चिंचेवर हात फिरवला आणि रंगरावांपुढं जरा वाकून म्हणाल्या, "काका, आपल्याला मशीनचं फिनिश नकोय. रंधासुद्धा मारू नका. हाताने केलंय हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. वाकसाचं काम करणारं आता पुण्यात कुणी सापडत नाही हो."

रंगरावांना यातलं शेवटचं वाक्य सर्वांत स्पष्ट ऐकू आलं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. सॉ-मिलवरून खोड उभं चिरून आलं होतं: आठ फूट लांब, अडीच रुंद, चार बोटं जाड असा फळा, आणि पायांसाठी दोन ओंडके. रंगराव फळ्यावर उकिडवे बसत. वाकसाची पाती कुदळीसारखी आडवी असते आणि घाव आपल्याच अंगाकडं येतो, म्हणून तासणारा लाकडावर मागं मागं सरकत जातो. आधी पाय मागं, मग वाकस. हे त्यांना बापाने कधी सांगितलं होतं तेही आता आठवत नव्हतं. पाय आपला आपण मागं जाई. चिंच कडक. वाकस पडला की खट्ट वाजे आणि पापडासारखी ढलपी उडे. वैशाखाचे दिवस, वर पत्रा तापलेला. दहाच्या सुमाराला बंडी पाठीला चिकटे, अकराला गुडघे बोलायला लागत, बाराला ते मुकाट होत. मग दीडला फाटकापाशी मोटारसायकल थांबे.

आनंद डबा उघडून जेवे तेव्हा फोन मांडीवर असे.

"हां बोला... नाही, लॅमिनेट उद्या... अहो उद्या म्हणजे उद्याच." मग फोन बाजूला ठेवून, "आबा, तुम्ही घ्या ना भाजी."

"घेतली. सुनबाईंनी केलीय?"

"बाई येते सैपाकाला."

"बरी करते."

पुन्हा फोन वाजे. अशी दुपार अर्ध्या तासात संपत असे. तरी ती दुपार होती, आणि रंगराव ती धरत. काम जरा सावकाश केलं असतं तर एकवीसच्या पंचवीस झाल्या असत्या, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम रेंगाळून पाहिलं. पण वाकस हातात आला की हात आपल्याच चालीनं चालायचा. तेराव्या दिवशी वरची बाजू पुरी झाली, पायही उभे राहिले.

पूर्णिमाबाई आल्या. रंगरावांनी अंगात धुतलेला सदरा घातला होता. बाईंनी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून कापसाचा पुंजका काढला, फळ्याच्या एका टोकाला ठेवला आणि बोटानं हलकेच ओढत दुसऱ्या टोकाला नेला. एक तंतू अडकला नाही. वाकसाखेरीज दुसरं हत्यार न लावता आठ फुटांत एक तंतू अडकत नाही, असं काम त्यांच्या बापानंही दोनदाच केलं होतं.

बाई टेबलाभोवती फिरल्या. खाली वाकून उजेडाच्या रेषेत पाहिलं.

"फारच सफाई आहे हो काका."

"चाळीस वर्षं झाली, बाई."

"हो ना. म्हणून तर पंचाईत आहे. असं टेबल मला कारखान्यातूनही मिळालं असतं, आणि घरपोच. यात वाकस कुठे दिसतोय?"

"वाकस दिसला तर त्यो सुतार कसला?"

गेनबा खुर्चीत खाकरला. आनंदनं बापाकडं पाहिलं आणि लगेच बाईंकडं. "मॅडम, आबांचं म्हणणं असंय..."

"म्हणणं कळलं मला. माझंच कळलं नाही वाटतं." बाईंनी पर्स खांद्याला लावली. "अहो काका, घावांच्या खुणा हव्यात. हात फिरवला की लागल्या पाहिजेत, इथे खळगी, इथे उंचवटा. माणसाने केलंय असं वाटलं पाहिजे. पुढच्या बुधवारी टेंपो येईल. जमत नसेल तर आत्ताच सांगा, जोधपूरहून तयार येतात तसली. दुसऱ्या मजल्याचं मग बघू."

त्या गेल्यावर आनंद शेडच्या दारात उभा राहिला.

"आबा, दुसऱ्या मजल्यावर दोनशे सत्तर टेबलं हायेत. चौदा मानसं कामाला लावून बसलोय मी. या एका टेबलापायी ते जाईल."

"खुना शिकाऊ पोराच्या ऱ्हात्यात आनंदा."

"मग शिकाऊ पोरावानी मारा."

रंगराव फळ्यावर बसले. वाकस उचलला. खोल मारायचं ठरवून मारला, तर हात शेवटच्या क्षणी मनगटात वळला आणि घाव लाकडाशी सपाट येऊन ढलपी कागदासारखी निघाली. पुन्हा मारला. पुन्हा तेच. मग दात आवळून त्यांनी मोजून खोल घाव घातले. संध्याकाळी पाहिलं तर फळ्याच्या टोकाला माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उठली होती. सगळे घाव सारखे, सगळी अंतरं सारखी.

आनंदनं फोटो काढले आणि चंदननगरच्या सायबर कॅफेतून पाठवले. तासाभरात फोन आला. ऐकून त्याने मान खाली घातली.

"काय म्हणत्यात?"

"बाथरूमच्या टाइल्ससारखं दिसतंय म्हणाल्या."

गेनबाला हसू आवरेना. "रंगा, लेका, तुला साधं बिघडवता बी येईना?"

आनंदनं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "आणा तो वाकस इकडं."

तेरा-चौदा वर्षांचा असताना आनंद एक वर्ष बापाच्या हाताखाली तासायला बसला होता. रंगराव त्याच्या कामावर कापूस ओढत, तो अडके, आणि ते लाकूड चुलीत जाई. वर्षभरात चुलीला पुष्कळ लाकूड मिळालं. मग आनंद आयटीआयला गेला आणि पुन्हा कधी वाकस धरला नाही. आता त्याने धरला तो दांड्याच्या अगदी शेवटाला. पहिला घाव तिरका पडला. दुसरा खोल रुतला, उपटून काढावा लागला. तिसरा नुसताच घसरला.

"सातवीत मारायचा अगदी तसंच," गेनबा म्हणाला. "काय बी पुसलं न्हाई."

वीतभर झाल्यावर पुन्हा फोटो गेले. या वेळी फोनवरचा बाईंचा आवाज रंगरावांनाही ऐकू आला. "हेच! अगदी हेच हवं होतं मला. कसं जमलं?"

"आबांनी केलं मॅडम," आनंद म्हणाला. "आबांचंच काम हे."

रंगराव खाली वाकून ढलप्या गोळा करायला लागले. चाळीस वर्षं तालुक्यात नाव राखलं, आणि या वीतभर तासणीवर ते नाव पडलं.

पण याची दुसरी बाजूही होती, आणि ती त्यांनी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या जोखली. आता आनंदला अर्धा तास पुरणार नव्हता. टेबल पुरं करायला त्याला सबंध दिवस यावं लागणार होतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मुलगा शेडमध्ये, वाकस हातात. हे तर त्यांनी कधी मागितलंही नव्हतं.

शनिवारी तो आला. बसण्याआधी म्हणाला, "एक सांगतो आबा. मला शिकवू नका. हात सुधारला तर पंचाईत होईल."

"बरं."

"काय चुकलं तरी बोलायचं नाही."

"बरं म्हन्लं ना."

रंगरावांनी भिंतीशी पोतं टाकलं आणि बसले. बोलायचं नाही म्हणजे काय ते पहिल्या तासात कळलं. दांडा चुकीचा धरलेला, खांदा वर चढलेला, घावागणिक अंगठ्याच्या बेचक्यात फोड येणार हे दिसत होतं. फोड आला, तेव्हा फडकं भिजवून दिलं. आनंदनं ते हाताला गुंडाळलं.

"तुम्ही रोज कसं करत होता हे?"

"करायचं म्हनून."

"आईला माझं काम आवडायचं. ती चुलीत घालायच्या आधी बघत बसायची."

"माझ्यासमोर कधी बोलली न्हाई."

"तुमच्यासमोर कोण बोलणार?" आनंद हसला. रंगरावही हसले. चहा झाला. या दिवशी दूध होतं.

दुपारून त्यांची नजर मुलाच्या पायांवर गेली. आनंद आधी घाव घालत होता आणि मग पाय मागं घेत होता. डावा पाय पाण्यात टाकल्यासारखा पुढं, अनवाणी, आणि पाती त्याच्याकडं सरकत येणारी. दर पाच-सहा घावांनी ती बोटांपासून चार बोटांवर येई, तेव्हा कुठं पाय हले.

"आनंदा, पाय..."

"आबा!"

"मी तासायचं न्हाई सांगत. पायाचं..."

"काहीच नको. ठरलंय ना आपलं?"

ठरलं होतं. रविवारीही आनंद आला, ही रंगरावांनी न धरलेली जमा होती. दिवसभर ते त्या पायाकडं बघत राहिले. वाकस खाली येताना त्यांच्या स्वतःच्या पायाची बोटं पोत्यावर आखडत. गेनबाला ते दिसलं. "तुला रं काय वात आला काय?" पायाचं बोललं तर आनंद उद्या एखाद्या राजस्थानी कारागिराला बसवील आणि आपण निघून जाईल, अशीही एक भीती होती. तिच्याकडं ते फार वेळ बघत नव्हते.

सोमवारी साडेतीनला हातभर काम उरलं होतं. आनंदच्या खिशात फोन वाजला, त्याची मान वळली आणि वाकस खाली आला. खट्ट असा आवाज झालाच नाही. आनंद क्षणभर नुसताच बसून राहिला, फोन वाजत राहिला, आणि चिंचेवर रक्त पसरायला लागलं.

गेनबाची स्कॉर्पिओ कामी आली. मागच्या सीटवर रंगराव मुलाचा पाय मांडीवर घेऊन टॉवेल दाबून बसले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्याचं वरचं पेर जोडता येणार नाही असं सांगितलं. संध्याकाळी अपेक्षा शाळेतून थेट आली. आनंद पलंगावर डोळे मिटून पडला होता. तिने चादर वर करून पाहिलं, पुन्हा नीट घातली.

"आबा, तुम्ही तिथेच बसला होतात ना?"

"व्हय."

"तुम्हाला दिसत नव्हतं, पाय कुठे आहे ते?"

"दिसत व्हतं."

पलंगावर आनंदच्या मिटलेल्या पापण्या हलल्या. तो जागा होता. आता तो बोलेल म्हणून रंगराव थांबले. सलाइनचे थेंब पडत राहिले. मग नर्स आली आणि म्हणाली, पेशंटजवळ एकच जण थांबा. रंगराव बाहेर आले.

मंगळवारी पहाटे ते शेडमध्ये गेले. लाल झालेल्या ढलप्या वेगळ्या गोळा केल्या, चुलीत न घालता परसात पुरल्या. बुधवारी टेंपो यायचा होता आणि फळा हातभर अपुरा होता. ते पलीकडं उकिडवे बसले आणि मुलाने केलेलं काम पहिल्यांदाच नीट वाचलं. आनंदचा घाव उजवीकडं खोल सुरू होई, डावीकडं ओढला जाई. दोन घाव नेटानं, तिसरा दमून उथळ. मग थोडी जागा कोरी: तिथं त्याने फोडाकडं पाहिलं असणार, नाहीतर कपाळाचा घाम पुसला असणार. चुकायला सांगितलं तेव्हा त्यांना स्वतःचं चुकता आलं नव्हतं. मुलाचं चुकणं मात्र हातात उतरलं. त्यांनी दांडा शेवटाला धरला, खांदा वर चढवला आणि मारला. तिरका. मग खोल. मग घसरता. आधी पाय मागं घेत, बाकी सगळं आनंदसारखं करत त्यांनी संध्याकाळपर्यंत तो हातभर तुकडा पुरा केला. डाग पडला होता तिथलं लाकूडही त्यातच गेलं. मग जवसाचं तेल चोळलं.

बुधवारी बाईंनी टेबलावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. शेवटच्या हातभर तुकड्यावर तो थांबला.

"काका, हे बघा. इथे खरा जिवंतपणा आलाय. आधी उगाच घाबरत होतात." मग आजूबाजूला पाहिलं. "आनंद नाही आला?"

"पाय दुखतोय त्याचा."

"अरेरे. काळजी घ्या म्हणावं."

टेबल टेंपोत चढलं. आठवड्यानं दुसऱ्या मजल्याचं पत्र आनंदला मिळालं.

रंगराव दोन बस बदलून कोथरूडला गेले, पिशवीत गावरान अंडी घेऊन. आनंद सोफ्यावर पाय उशीवर ठेवून फोनवर माणसांना कामं सांगत होता. अपेक्षानं पाणी दिलं, चहा दिला. अंडी आत नेताना तिच्या तोंडून निघूनच गेलं, "एक शब्द बोलला असतात तरी चाललं असतं आबा."

रंगरावांनी कप खाली ठेवला. मुलाकडं पाहिलं. आनंदनं फोन कानापासून दूर केला.

"जाऊ दे गं," तो म्हणाला. "आबांचं वय झालंय आता. नाही राहत लक्षात. माझा काही राग नाही त्यांच्यावर."

"चहा गार होतोय," अपेक्षा म्हणाली.

रंगरावांनी तो संपवला. स्वराली क्लासला गेली होती, तिची वाट बघितली तर शेवटची बस चुकली असती.

जूनमध्ये आनंदनं शेडची एक किल्ली करून टेंपोवाल्याला दिली. प्लायवूड आता तोच उतरवतो, तोच नेतो. मालकांनी स्वतः यायची गरज उरलेली नाही.

टेबलाची किंमत कंपनीनं दिली. लाकडाची गेनबानं घेतली नाही. दुसरा मजला आनंदला मिळाला, त्यासाठी त्याने अंगठ्याचं पेर दिलं. माफीही त्यानेच दिली, आणि तिची भरपाई रंगराव रिकाम्या दुपारींनी करतात.